घाटात जुन्या ट्रकची ॲक्सिलरेटर केबल तुटली तर? सुतळीचा जुगाड का नको आणि खरी दुरुस्ती कशी होते

खोपोली मागे पडलंय, शिंगरोबाचं देऊळ अजून यायचंय आणि माल भरलेला एक जुना ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत बोरघाट चढतोय. अचानक ड्रायव्हरच्या उजव्या पायाखालचं पेडल सैल पडतं. पाय थेट फळीपर्यंत जातो, पण इंजिनाला त्याचा पत्ताच नसतो. इंजिन बंद पडत नाही, फक्त त्याचा आवाज एकदम खाली येतो. ट्रकची ताकद जाते आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात.

क्लीनर उडी मारून उतरतो, चाकाखाली दगड लावतो, बॉनेट उघडतो. ॲक्सिलरेटरची वायर तुटलेली असते.

पुढचं दृश्य तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलं असेल. डिझेल पंपाच्या लिव्हरला सुतळी बांधायची, तिचं दुसरं टोक खिडकीतून आत घ्यायचं आणि हाताने ओढत ट्रक हाकायचा. खाली कमेंटमध्ये 'हे फक्त भारतातच होऊ शकतं' आणि हसणारे इमोजी.

व्हिडिओ भारी वाटतो. पण केबल तुटणं ही या गोष्टीतली सगळ्यात धोकादायक घटना नाहीच. उलट केबल तुटली तेव्हा ट्रक सुरक्षितपणे कमजोर झाला. धोका सुरू होतो तो सुतळी बांधल्यावर. का, ते समजायला आधी ही केबल काय करते ते बघावं लागेल.

केबल म्हणजे नेमकं काय?

तुमच्याकडे सायकल किंवा स्कूटर असेल तर ही वस्तू तुम्ही रोज हाताळता. ब्रेकचा दांडा दाबला की चाकाजवळचा ब्रेक आवळतो, तो हिच्याच जोरावर. इंग्रजीत तिला बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडेन या ब्रिटिश माणसाने १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे सरळ 'वायर' म्हणतात. क्लचची वायर, ब्रेकची वायर, 'एक्सलेटर'ची वायर. वायर म्हटलं की माझ्यासारख्याला वीज आठवते, पण इथे विजेचा काही संबंध नाही.

हिचे दोन भाग असतात. आतली 'इनर' म्हणजे बारीक पोलादी तारांना पीळ देऊन केलेली दोरी. बाहेरचा 'आउटर' म्हणजे स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळलेली तार आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण. इनरच्या टोकाला धातूची गोटी असते, ती 'निप्पल'. लिव्हरच्या खाचेत ती अडकते.

गंमत आउटरमध्ये आहे. नुसती दोरी ओढायची तर ती सरळ रेषेत हवी, वाटेत वळण आलं की ती आखडून सरळ होऊ पाहणार. आउटर दोन्ही टोकांना पक्का बसवलेला असतो, म्हणून इनर वळणावळणाने जाऊनही आत सरकते. म्हणजे काम एकटी इनर करत नाही. आउटर आपल्या जागेवरून निसटला तर इनर शाबूत असूनही पेडल सैल पडतं. त्यामुळे 'वायर तुटली' असं वाटलं की आधी दोन्ही टोकांचे क्लॅम्प बघायचे. अनेकदा फक्त क्लॅम्पचा नट सुटलेला असतो आणि दुरुस्ती पाच मिनिटांत होते.

जुना ट्रक म्हणजे किती जुना?

टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १५ वर्षांचा होता. त्या काळात बनलेल्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची, म्हणून त्यांना 'टाटा-मर्सिडीज' म्हणत. त्याच पिढीत मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणारे डॉज आणि फार्गो होते, हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड होते, अशोक लेलँडचा कॉमेट होता. यातला एखादा आज चालू असेल तर त्याने पन्नाशी कधीच ओलांडली आहे.

कायद्याच्या भाषेत 'विंटेज' ही वेगळी गोष्ट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. वाहन दुचाकी किंवा चारचाकी असावं, ५० वर्षांहून जुनं, मूळ रूपात जपलेलं आणि धंद्यासाठी न वापरलेलं असावं, अशा त्यातल्या अटी आहेत. अशा वाहनाच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे विटा वाहणारा म्हातारा ट्रक कितीही देखणा असला तरी कायद्याने तो विंटेज नाही, जुनं व्यावसायिक वाहन आहे. ८ वर्षं उलटली की अशा वाहनाला दर वर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते.

चावी फिरवली तरी डिझेल इंजिन बंद का होत नाही?

हा मुद्दा कळला की बाकीचं सोपं आहे.

पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. चावी बंद केली की वीज जाते, ठिणगी जाते, इंजिन थांबतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी जोरात दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. डिझेल मिळतंय तोवर इंजिन चालणार. चावी खिशात घालून तुम्ही चहा प्यायला गेलात तरी चालणार.

नव्या गाड्यांमध्ये चावीबरोबर डिझेल तोडायची इलेक्ट्रिक सोय असते. जुन्या ट्रकमध्ये त्यासाठी आणखी एक केबल असे. डॅशबोर्डवर किंवा त्याच्याखाली एक मुठीची दांडी, ती ओढली की पंपावरचा स्टॉप लिव्हर फिरतो, डिझेल बंद होतं आणि इंजिन थांबतं. ही 'स्टॉप केबल'. एसटीच्या जुन्या गाड्यांत ड्रायव्हर काहीतरी ओढून इंजिन बंद करायचे, हे लहानपणी ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच आठवेल.

म्हणजे डिझेल पंपावर दोन सत्ता चालतात. ॲक्सिलरेटर सांगतो किती डिझेल द्यायचं, स्टॉप सांगतो की आता अजिबात द्यायचं नाही. काही ट्रकमध्ये ॲक्सिलरेटरला केबलऐवजी लोखंडी सळ्यांची जोडणी असते, पण हिशेब तोच.

तुटली तर थांबतो, अडकली तर सुटतो

पंपावरच्या ॲक्सिलरेटर लिव्हरला एक परतीची स्प्रिंग असते. ती लिव्हरला सतत 'कमी डिझेल'च्या बाजूला खेचत असते आणि केबल तिच्याविरुद्ध ओढते. केबल तुटली की स्प्रिंग जिंकते आणि इंजिन आयडलिंगवर येतं. ज्याने ही रचना केली त्याने असा विचार केलाय की वस्तू कधीतरी मोडणारच, मग मोडताना तिने गाडी हळू करावी.

आता दुसरी शक्यता. इनरची एकच बारीक तार तुटली, तिचं टोक बाहेर आलं आणि आउटरच्या आत रुतलं. किंवा गंजामुळे इनर आत घट्ट बसली. तुम्ही पेडल दाबलं, लिव्हर उघडला, पाय उचलला, पण स्प्रिंगला ती अडकलेली केबल मागे खेचता येत नाही. पाय वर आला तरी इंजिन जोरातच. चढावर हे लक्षातही येणार नाही, कारण तिथे पेडल दाबलेलंच असतं. उतार लागल्यावर कळेल.

म्हणून अनुभवी मेकॅनिक पूर्ण तुटलेल्या केबलपेक्षा अर्धवट विसवटलेल्या केबलला जास्त घाबरतात. पेडल जड लागणं, पाय उचलल्यावर इंजिनाचा आवाज उशिरा खाली येणं, निप्पलजवळ तारांचे केस उभे राहिलेले दिसणं, या तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी ती केबल त्याच दिवशी काढायची.

मग सुतळीत वाईट काय?

ट्रक घाटात अडकलाय, मागे रांग लागलीये, तेव्हा सुतळी बांधणाऱ्याला शहाणपण शिकवणं सोपं आहे. मी मुंबईत पंख्याखाली बसून लिहितेय, हेही मान्य. तरी एक गोष्ट रीलमध्ये कुणी सांगत नाही.

ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही उजव्या पायाचं काम आहे. त्यामुळे ब्रेक दाबायला पाय उचलला की डिझेल आपोआप कमी होतं. ड्रायव्हरला वेगळा विचार करावा लागत नाही. सुतळी हातात गेली की हे नातं तुटतं. समोर अचानक कुणी आलं, पाय ब्रेकवर गेला, पण हात? दचकलेला माणूस हातातली दोरी सोडत नाही, घट्ट धरतो. म्हणजे ब्रेक आणि इंजिन एकमेकांविरुद्ध. त्यात स्टिअरिंगवर एकच हात, आणि जुन्या ट्रकचं स्टिअरिंग एका हाताने वळवायचं म्हणजे काय हे तो ड्रायव्हरच जाणे.

शिवाय सुतळी बॉनेटच्या फटीतून जाते. तिथे ती चिमटते, पावसात फुगते, गरम सायलेन्सरच्या पाइपला लागून जळते किंवा पंख्यात गुंडाळते. स्प्रिंग लिव्हरला मागे नेऊ पाहते आणि फटीत अडकलेली सुतळी तिला अडवते. तुटल्यावर सुरक्षित असणारी रचना आपण आपल्या हाताने अडकणारी करून टाकतो.

तुटलेल्या इनरला गाठ मारण्याचंही तेच. गाठ आउटरच्या तोंडाशी येऊन थबकते. वायरिंगमधला स्क्रूवाला कनेक्टर लावून दोन टोकं जोडतात, ते फक्त इनरच्या उघड्या भागात आणि पूर्ण हालचालीत कनेक्टर आउटरच्या तोंडाला आपटत नसेल तरच चालतं. तेही गॅरेजपर्यंत. ब्रेकच्या आणि हँडब्रेकच्या केबलला यातलं काहीच करायचं नाही.

मग घाटात करायचं काय? डिझेल पंपाचा गव्हर्नर आयडलिंग टिकवून धरतो, त्यामुळे सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ट्रक पेडलशिवायही मुंगीच्या चालीने सरकतो. पंपावरचा आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळला तर आणखी थोडं बळ मिळतं. तेवढ्यात ट्रक कडेला घेता आला तर घ्यायचा, मागे त्रिकोण ठेवायचा आणि केबल येईपर्यंत थांबायचं. याच घाटात रेल्वेची चढण ३७ फुटांना १ फूट आहे आणि गाडीला मागून ढकलायला कर्जतला जादा इंजिन लावतात. ट्रकला मागून रेटणारं कुणी नाही, त्यामुळे माल भरलेला असेल तर आयडलिंगवर चढायचा प्रयत्नच करू नये.

आणि खरंच अडकला तर?

उतारावर पेडल अडकलं आणि इंजिन ओढतच राहिलं तर दोन गोष्टी एकदम करायच्या: ब्रेक एकदाच आणि ठाम दाबायचा, आणि स्टॉप केबल ओढायची. गिअर काढायचा नाही. डिझेल बंद झालं तरी गिअरमुळे चाकं इंजिनाला फिरवत राहतात. तेच इंजिन आता गाडीला मागे धरतं आणि ब्रेकला हवा किंवा व्हॅक्यूम पुरवणारा पंपही फिरत राहतो. क्लच अगदी थांबताना. न्यूट्रल केलं तर हे सगळं एका फटक्यात जातं. डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका, असं महामार्ग पोलीस वारंवार सांगतात त्यामागचं एक कारण हेच.

यातून दिसतं की स्टॉप केबल ही ॲक्सिलरेटर केबलची जामीनदार आहे. पण जुन्या ट्रकमध्ये आधी दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. ती तुटली तरी ट्रक चालतो ना! मग इंजिन बंद करायचं तर क्लीनरने बॉनेट उघडून लिव्हर दाबायचा, किंवा ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन गुदमरवायचं. उभ्या ट्रकला हे चालून जातं. घाटात पेडल अडकल्यावर बॉनेट उघडायला कोण जाणार? ॲक्सिलरेटर सुतळीवर आणि स्टॉप केबल तुटलेली, हा सगळ्यात वाईट जोड आहे.

केबल तुटते का?

रायगडात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कर्जत-खालापूरचा पट्टा तर सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. चार महिने पाणी आणि चिखल आउटरच्या फाटलेल्या आवरणातून आत जातो, उरलेले आठ महिने तिथे गंज धरतो.

दुसरं कारण वळण. दांडगा बैल आवरायला दाव्याचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला घालतात. बैलाचा सगळा जोर तो वेढा खातो आणि माणसाला टोक हलकं लागतं. केबलमध्ये हेच उलट होतं, वळण आपला जोर खातं. सुक्या केबलचा घर्षणांक ०.२ धरला तर एका काटकोनी वळणामुळे १० किलोची ओढ पोहोचवायला सुमारे १३.७ किलो लावावे लागतात. तशी दोन वळणं असली की सुमारे १८.७. तो जादा जोर इनरच्या तारा झिजवतो.

तिसरं कारण निप्पलजवळ असतं. निप्पल लिव्हरच्या खाचेत मोकळं फिरलं नाही तर प्रत्येक वेळी तार त्याच जागी वाकते. बाइंडिंगची तार पुढे-मागे वाकवून आपण तोडतो ना, तसंच, फक्त सावकाश.

नवी केबल कशी बनवतात?

बंद झालेल्या मॉडेलची तयार केबल मिळेलच असं नाही. पण केबल हा ट्रकमधला असा भाग आहे की माप असेल तर तो कुठेही बनतो.

जुनी केबल फेकू नका, तीच तुमचा नकाशा आहे. तीन मापं घ्यायची: आउटरची लांबी टोपणापासून टोपणापर्यंत, इनरची पूर्ण लांबी निप्पलपासून निप्पलपर्यंत, आणि निप्पलची जाडी. इनरमधून आउटर वजा केला की उघडी इनर किती हवी ते कळतं, आणि खरं महत्त्व या फरकाला आहे. इनर तुटलेली असेल तर दोन्ही तुकडे जोडून मोजा. जाडी अंदाजाने न घेता व्हर्नियर कॅलिपरने मोजा. स्कूटरच्या ब्रेकची इनर दिसायला तशीच असते, पण लांबी आणि निप्पल जुळेलच असं नाही.

इनर छिन्नीने तोडली तर टोक फुलतं आणि मग आउटरमध्ये जातच नाही. जिथे कापायचं तिथे आधी सोल्डर पाजायचं किंवा चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची आणि धारदार केबल कटरने कापायचं. मग दुसरं निप्पल बसवण्याआधी आउटर, दोन्ही टोपणं, ॲडजस्टर, रबरी बूट सगळं इनरवर ओवून घ्यायचं. सुंदर सोल्डरिंग झाल्यावर ॲडजस्टर टेबलावरच राहिलाय हे लक्षात येणं, हा या कामातला सगळ्यात जुना विनोद आहे.

निप्पलचं भोक एका बाजूला खोलगट असतं. इनर त्यातून काढायची, टोकाच्या तारा फुलासारख्या उलगडायच्या, त्या खोलगट भागात बसवायच्या, फ्लक्स लावून सोल्डर भरायचं. आता निप्पल निसटायचं तर फुललेल्या तारांना त्या बारीक भोकातून जावं लागेल. नुसतं सोल्डर चिकटवून हे बळ येत नाही.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे गॅस वेल्डिंग किंवा पितळेचं ब्रेझिंग. 'एकदम पक्कं करून टाक' म्हणून लोक ते करून घेतात. इनरची तार थंड अवस्थेत ओढून कणखर केलेली असते. ब्रेझिंगच्या लालभडक उष्णतेने तो कणखरपणा जातो आणि केबल पुन्हा तुटते ती निप्पलच्या अगदी शेजारी. साधं सोल्डर त्यापेक्षा खूप कमी तापमानाला वितळतं, म्हणून तेच बरं. शेवटी फ्लक्स धुऊन काढायचा, नाहीतर तो आतून तार खातो, आणि पेडलवर लागेल त्याहून जास्त जोराने ओढून बघायचं.

स्टॉप केबल थोडी वेगळी. अनेक ट्रकमध्ये तिची इनर पीळ दिलेली नसून एकच कडक तार असते, कारण मूठ नुसती ओढायची नसते, परत आत ढकलायचीही असते. तिला निप्पल नसतं, लिव्हरवर स्क्रूच्या क्लॅम्पने ती धरलेली असते. तिथे मऊ पिळाची इनर घातली तर ओढता येईल, ढकलता येणार नाही.

तेलाचं म्हणाल तर आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या नव्या केबलला घट्ट ग्रीस भरायचं नाही, धूळ धरून ते उलट जड करतं. जुन्या, बिनअस्तराच्या आउटरला मात्र तेल लागतंच. केबल उभी टांगायची, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून घट्ट बांधायचा, त्यात थोडं इंजिन ऑइल ओतायचं आणि रात्रभर सोडायचं. सकाळी खालून थेंब पडलेले दिसले की झालं.

बसवल्यावर

केबल सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, मोठ्या गोलाईने न्यायची. पेडल मोकळं असताना इनरमध्ये किंचित ढील हवी आणि लिव्हर आयडलिंगच्या स्टॉपरला टेकलेला हवा. पेडल पूर्ण दाबल्यावर लिव्हर शेवटपर्यंत गेला पाहिजे, पण त्याच क्षणी पेडलही खालच्या स्वतःच्या स्टॉपरला टेकलं पाहिजे. तो स्टॉपर नसला किंवा झिजला असला तर ड्रायव्हरच्या पायाचा सगळा भार केबलवर येतो. दर दोन-तीन महिन्यांनी केबल तुटत असेल तर आधी हाच बघा.

मग इंजिन सुरू करून आयडलिंगवर सोडायचं आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. आवाज बदलला तर केबल कुठेतरी ताणली जातेय. पेडल दाबून एकदम पाय काढायचा, आवाज लगेच खाली आला पाहिजे. शेवटी स्टॉपची मूठ ओढायची. इंजिन थांबलं नाही तर काम अर्धंच झालंय.

आणि हे सगळं रस्त्याच्या कडेला झालं असेल तर निघण्याआधी चाकाखालचे दगड उचलून बाजूला टाका. ट्रक गेल्यावर ते तिथेच राहतात आणि रात्री मागून येणाऱ्या बाइकवाल्याला दिसत नाहीत.